मरणाशेजारी लग्नाची गोष्ट

नळदुर्गला लोक येतात ते पाणीमहाल बघायला. बोरी नदीवरचा बांध, त्याच्या पोटात बांधलेला महाल आणि पावसाळ्यात वरून कोसळणारे नर-मादी धबधबे, सगळंच थक्क करणारं. पण या किल्ल्याच्या इतिहासात एक पंधरा वर्षांचा मुलगाही आहे. डिसेंबर १७५७ मध्ये सिंदखेडला निजामाचा पराभव झाला आणि तहात पंचवीस लाखांच्या मुलखासोबत नळदुर्ग मराठ्यांना मिळाला. त्या मोहिमेचे नावापुरते सेनापती होते नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव. पुढे १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर गोळी लागून ते पडले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

ही बातमी नानासाहेबांना कशी कळली? उत्तरेकडे जाताना वाटेत एका सावकाराचा जासूद सापडला. त्याच्याजवळच्या चिठ्ठीत युद्धाचं नावही नव्हतं. दोन मोती गेले, सोन्याच्या मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याच्या नाण्यांचा तर हिशेबच लागत नाही, एवढाच मजकूर. मोती म्हणजे पानिपतावरचे सेनापती सदाशिवरावभाऊ आणि खुद्द विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि ज्यांची मोजदाद नाही ते साधे शिपाई. बापाला मुलाचं मरण वहीतल्या तोट्याच्या भाषेत वाचावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबही गेले.

ही चिठ्ठी काही कविता नव्हे. पण युद्धकाव्य शोक करतं ते नेमकं याच रीतीने. घरातल्या, बाजारातल्या रोजच्या गोष्टी ते मरणाशेजारी आणून ठेवतं. तुलसीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा आठवा. सिंहगडावर मरायला निघालेला माणूस आधी आपल्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन येतो. डफ कडाडतो, तुणतुणं वाजतं, झीलकरी ‘जी जी’ म्हणत सूर उचलून धरतात, आणि शेवट ठाऊक असलेल्या श्रोत्याला लग्नाच्या तयारीचा प्रत्येक तपशील टोचत जातो. शाहिराला रडावं लागत नाही.

आश्चर्य असं की पहिल्या महायुद्धातला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याच वाटेने गेला. मेलेल्या पोरांसाठी चर्चची घंटा, प्रार्थना, मेणबत्त्या यांतलं काय आहे, असं तो विचारतो आणि त्या जागी तोफा-बंदुकांचे आवाज ठेवतो. ४ नोव्हेंबर १९१८ला तोही पंचविसाव्या वर्षी मारला गेला. मरणाची तार घरी पोहोचली ११ नोव्हेंबरला, ज्या दिवशी युद्ध थांबलं.

एकीकडे बापाला न पाहता आलेलं लग्न, दुसरीकडे न झालेला अंत्यविधी. दोघांनी मोजलं ते एकच: शिपाई पडला की त्याच्या घरातलं काय काय अपुरं राहतं. येत्या शिवजयंतीला पोवाडा ऐकाल तेव्हा त्यातल्या आवेशावरच थांबू नका. रायबाच्या लग्नाचा भाग कान देऊन ऐका. पोवाड्यातला शोक तिथेच आहे.