संगणकावरील अफवा

मुलांनो, 'अफवाह' हा शब्द तुम्ही घरी अनेकदा ऐकता. मराठीत त्यालाच आपण 'अफवा' म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी आहे आणि अरबीत त्याचा अर्थ होतो 'तोंडे'. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाणारी, पण पहिल्यांदा कोणी सांगितली हे कोणालाच ठाऊक नसलेली बातमी म्हणजे अफवा.

पूर्वी अफवा तोंडानेच पसरत असे. मग ती पोस्टकार्डांवर आणि छापील पत्रकांवर आली. "या मजकुराच्या इतक्या प्रती काढून वाटा. वाटल्यात तर लाभ होईल, फाडून टाकल्यात तर नुकसान होईल," असे त्यांत लिहिलेले असे. तुमच्या दादी-नानींना विचारा. त्यांनी अशी पत्रके नक्कीच पाहिली असतील. पण पोस्टकार्ड लिहायला वेळ लागे, पैसेही लागत. संगणक आला आणि ही अडचण दूर झाली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य लोकांना इंटरनेट मिळू लागले. आता एक कळ दाबली की एकच पत्र शंभर जणांना जाते. पत्रे वेगाने जाऊ लागली, तशा अफवाही वेगाने जाऊ लागल्या.

समजा, तुम्ही घरचा संगणक सुरू केला आणि एक ई-मेल आला. वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'सावधान!' खाली मजकूर आहे, "एक भयंकर व्हायरस फिरत आहे. तुमच्या सर्व मित्रांना लगेच कळवा." तुम्ही काय कराल? बहुतेक माणसे हा ई-मेल लगेच पुढे पाठवतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. आपले मित्र संकटात पडू नयेत, एवढेच त्यांना वाटत असते. अफवा पसरवणारा माणूस नेमका याच चांगुलपणाचा फायदा घेतो.

असा एक प्रसिद्ध प्रकार १९९४ च्या अखेरीस अमेरिकेत घडला. "'गुड टाइम्स' असे शीर्षक असलेले पत्र उघडू नका. ते नुसते वाचले तरी संगणकातील सगळी माहिती पुसली जाईल," असा इशारा लोकांना येऊ लागला. लोक घाबरले. त्यांनी तो इशारा मित्रांना पाठवला, मित्रांनी आणखी मित्रांना पाठवला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात संगणकांच्या सुरक्षिततेचे काम पाहणारे एक पथक होते. त्याने डिसेंबर १९९४ मध्येच जाहीर केले की असा कोणताही व्हायरस नाही. तरीही तो इशारा पुढे कित्येक वर्षे फिरत राहिला. व्हायरस खोटा होता, पण इशारा मात्र व्हायरससारखाच पसरला. त्याच्या प्रती संगणकाने आपणहून काढल्या नाहीत. त्या माणसांनी काढल्या.

आता थोडे गणित करू. एका माणसाने एक पत्र दहा जणांना पाठवले. त्या प्रत्येकाने ते आणखी दहा जणांना पाठवले. दुसऱ्या पायरीला शंभर पत्रे झाली, तिसऱ्या पायरीला एक हजार आणि सहाव्या पायरीला दहा लाख! प्रत्येकाचा फक्त एक मिनिट त्यात गेला असे धरा. दहा लाख मिनिटे म्हणजे जवळजवळ दोन वर्षे होतात. एका खोट्या पत्राने माणसांचा एवढा वेळ वाया जातो.

वेळ वाया जातो एवढ्यावरच हे थांबत नाही. २००१ साली एक वेगळीच अफवा पसरली. "तुमच्या संगणकात 'सल्फएनबीके' नावाची फाइल आहे का ते शोधा. असेल तर तो व्हायरस आहे. ती ताबडतोब पुसून टाका," असे त्या पत्रात लिहिले होते. लोकांनी शोध घेतला आणि खरोखरच ती फाइल सापडली! मग अविश्वास कोण दाखवणार? अनेकांनी ती पुसून टाकली. खरी गोष्ट अशी होती की ती फाइल विंडोज ९८ या प्रणालीचाच एक भाग होती. फाइलींची लांब नावे बिघडली, तर ती पूर्ववत करण्याचे काम ती करत असे. त्यामुळे ती सगळ्यांच्याच संगणकात सापडत होती. पुढच्याच वर्षी, २००२ साली, आणखी एका निरुपद्रवी फाइलीबद्दल अशीच अफवा उठली. त्या फाइलीचे चिन्ह होते एक छोटेसे टेडी अस्वल. दोन्ही वेळा बाहेरून कोणी संगणकात शिरले नव्हते. मालकाने स्वतःच्याच हाताने आपल्या संगणकातील वस्तू काढून फेकली होती.

काही अफवा भीती दाखवत नाहीत, लालूच दाखवतात. १९९७ साली बिल गेट्स यांच्या नावाने एक बनावट पत्र फिरले. हे पत्र एक हजार लोकांपर्यंत पोहोचले की तुम्हाला एक हजार डॉलर मिळतील, असे त्यात म्हटले होते. अर्थात, कोणालाही काही मिळाले नाही.

काही पत्रे आपल्या दयेला हाक देतात. त्यांतले एखादे खरेही असते, पण ते शिळे झालेले असते. १९८९ साली इंग्लंडमधील एका आजारी मुलाला शुभेच्छापत्रांचा विक्रम करायचा होता. लोकांनी भरभरून पत्रे पाठवली. दीड कोटीहून अधिक पत्रे आली आणि १९९० मध्ये विक्रम झाला. १९९१ मध्ये शस्त्रक्रिया होऊन तो मुलगा बराही झाला. पत्रे थांबवा, अशी विनंती त्याच्या घरच्यांनी केली. तरी पत्रे येतच राहिली आणि पुढे तेच आवाहन ई-मेलवरूनही फिरू लागले. म्हणून कोणतीही बातमी खरी आहे का, एवढेच पाहून भागत नाही. ती केव्हाची आहे, हेही पाहावे लागते.

या सर्व उदाहरणांवरून खोटे पत्र ओळखण्याच्या काही खुणा लक्षात येतात. त्यात भीती, लालूच किंवा दया यांपैकी एक तरी असते. 'लगेच', 'आजच', 'ताबडतोब' अशी घाई असते. एखाद्या मोठ्या कंपनीचे किंवा सरकारी खात्याचे नाव असते, पण तारीख नसते. आणि शेवटी 'सर्वांना पाठवा' अशी विनंती असतेच. ज्या पत्रात या खुणा दिसतील, ते वाचून आधी थोडे थांबावे.

मग व्हायरस म्हणजे निव्वळ थाप आहे का? नाही. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' असे शीर्षक असलेले पत्र जगभर पसरले. त्याला एक फाइल जोडलेली होती. वरवर ती साधी चिठ्ठी वाटे, पण तिच्या नावाच्या शेवटची अक्षरे अनेकांना पडद्यावर दिसत नव्हती. ती चिठ्ठी नव्हतीच, तो संगणकाला हुकूम देणारा प्रोग्रॅम होता. फाइल उघडताच तो चित्रांच्या फाइली नष्ट करी आणि मालकाच्या यादीतील सर्व पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवी. त्यामुळे ते पत्र ओळखीच्या माणसाकडून आल्यासारखे वाटे. यावरून एक धडा घ्यावा. पत्र ओळखीच्या माणसाच्या नावाने आले, एवढ्यावरून त्यावर विश्वास ठेवू नये. जोडलेली फाइल अनपेक्षित असेल, तर त्या माणसाला फोन करून विचारावे आणि मगच ती उघडावी.

आज ई-मेलची जागा बऱ्याच घरांत मोबाइलवरील संदेशांनी घेतली आहे. साधन बदलले, तरी अफवेची रीत तीच राहिली. तिचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८ साली मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा देशाच्या अनेक भागांत मोबाइलवरून पसरली. तिच्याबरोबर एक चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरील दोघे जण एका मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ती चित्रफीत मुळात कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवटचा भाग कापून टाकला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, भिक्षा मागत फिरणारी पाच माणसे आली होती. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची होती. जमावाने त्यांना मुले पळवणारे समजून मारहाण केली. त्यांत त्या पाचही जणांचा जीव गेला. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. परंतु ज्यांची माणसे गेली, त्यांना याचा काय उपयोग?

मुलांनो, म्हणूनच पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. शंका आली तर पत्रातील एक वाक्य इंटरनेटवर शोधा. जुनी अफवा असेल, तर बहुधा ती खोटी असल्याचे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते. वर्तमानपत्र पाहा किंवा आपल्या शिक्षकांना विचारा.

२. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता नीट वाचा. बँकेच्या नावात एखादे अक्षर कमीजास्त असेल, तर ते पत्र बनावट समजा. पत्रातील दुव्यावर बोट ठेवू नका. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा.

३. पासवर्ड, पिन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही सांगू नका. खरी बँक ते कधीही विचारत नाही.

४. सांगोवांगी ऐकून संगणकातील फाइल पुसू नका. जाणकाराला दाखवा.

५. संगणकाची प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करा. महत्त्वाचे कागद आणि फोटो यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा.

६. खरोखर उपयोगी पत्र अनेकांना पाठवायचे असेल, तर पत्ते 'बीसीसी' या रकान्यात लिहा. म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही.

७. फसवणूक झालीच तर लाजू नका. घरच्यांना लगेच सांगा. पैसे गेले असतील, तर त्यांनी १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितकी लवकर तक्रार होईल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता अधिक असते.

कधी कधी असा संदेश घरातील थोरांकडूनच येतो. चाचाजान किंवा खालाजान यांनी पाठवलेला संदेश खोटा आहे, हे सर्वांसमोर कसे सांगायचे? सर्वांसमोर सांगूच नका. त्यांना एकट्याला भेटा किंवा फोन करा. "चाचाजान, मी ही बातमी तपासून पाहिली. ती जुनी निघाली," असे अदबीने सांगा. त्यांचा मान राहील आणि अफवाही तिथेच थांबेल.

आपण एका अरबी शब्दापासून सुरुवात केली होती. शेवटही तशाच एका शब्दाने करू. उर्दूत 'खातिर जमा रखना' म्हणजे मन निश्चिंत ठेवणे. मराठीत हाच शब्द 'खातरजमा' असा झाला आणि त्याचा अर्थ झाला, एखादी गोष्ट खरी आहे की नाही याची खात्री करून घेणे. दोन्ही भाषांतील अर्थ किती जवळचे आहेत पाहा! आधी खातरजमा करावी, मग मन निश्चिंत होते. तुमच्याकडे पुढचा 'सावधान' असा संदेश येईल, तेव्हा हा शब्द आठवा आणि बोट जरा आवरा.