सरणाच्या लाकडांचा हिशेब

१९८४ नंतरच्या दशकात पंजाबात खलिस्तानवाद्यांनी पोलीस, पुढारी, बसमधले प्रवासी मारले. पोलिसांनी ‘चकमकी’त माणसे मारली. या दुसऱ्या प्रकारात मेलेला कोण, हेच अनेकदा कागदावर येत नसे. घरातून उचललेला मुलगा पोलिसांच्या लेखी फरार असे आणि स्मशानात जळणारे प्रेत बेवारस. फरार आणि बेवारस एकच, हे दाखवायला पुरावा हवा होता.

तो सरणाच्या लाकडांच्या हिशेबात सापडला. अमृतसरच्या एका सहकारी बँकेचे संचालक जसवंतसिंग खालडा बेपत्ता सहकाऱ्याला शोधत दुर्गियाना मंदिराच्या स्मशानभूमीपर्यंत पोहोचले. बेवारस प्रेताच्या लाकडांचा खर्च नगरपालिकेचा. खर्च म्हटला की नोंद आली, आणि नोंदीत प्रेत आणणाऱ्या पोलिसांचा उल्लेख. काही ‘बेवारस’ प्रेतांपुढे तर नाव-गावही लिहिलेले होते! चकमकी दडवणाऱ्यांना कारकुनाच्या वहीचा विसर पडला होता. जानेवारी १९९५ मध्ये खालडांनी हे जाहीर केले. याबाबतची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. ३१ ऑगस्टला मुख्यमंत्री बिअंतसिंग यांची चंडीगडमध्ये बॉम्बस्फोटात हत्या झाली आणि ६ सप्टेंबरला खालडांना घराबाहेरून पोलिसांनीच उचलले. ते परतले नाहीत.

मग सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. डिसेंबर १९९६ च्या अहवालात पट्टी, तरनतारन आणि दुर्गियाना या तीनच स्मशानांतली २,०९७ प्रेते मोजली गेली. ५८५ जणांची ओळख पटली, २७४ जणांची अर्धवट; १,२३८ जणांची पटलीच नाही.

प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेले आणि जबाबदारी तिथे पातळ झाली. आयोगाने चौकशी तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यापुरती ठेवली; उरलेल्या पंजाबातली स्मशाने तपासलीच नाहीत. माणूस मेला कसा, यापेक्षा अंत्यसंस्कार नियमाप्रमाणे झाले का, यावरच काथ्याकूट झाला. मृत आपल्या ताब्यात होता असे पोलिसांनी मान्य केले तिथे वारसांना अडीच लाख, इतरांना पावणेदोन लाख रुपये. एकाही अधिकाऱ्यावर आयोगाने ठपका ठेवला नाही.

फौजदारी खटले वेगळ्या वाटेने गेले. सरकारी नोकरावर खटला भरण्यास सरकारची पूर्वपरवानगी नव्हती, या हरकतीवर स्थगिती मिळे आणि वर्षे जात. दरम्यान साक्षीदारही मरत, आरोपीही. खुद्द खालडांच्या हत्येचा खटला तडीस गेला, त्यात एका माजी विशेष पोलीस अधिकाऱ्याची साक्ष निर्णायक ठरली. २००५ मध्ये सहा पोलीस दोषी ठरले, २००७ मध्ये उच्च न्यायालयाने चौघांची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. इतर काही खटल्यांत मोहालीच्या सीबीआय न्यायालयाने गेल्या काही वर्षांत, घटनेनंतर तीस वर्षांनी, निवृत्त पोलिसांना शिक्षा सुनावल्या आहेत.