जाताना का मोजायचं?
(माळावरचं आभाळ : लेखांक ९)

भोवत्या आणि घार खालून पाहताना कसे ओळखायचे, ते आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. कारण परतूरच्या एका शिक्षिकांचं पत्र आलं आहे आणि त्यातल्या दोन प्रश्नांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही.

त्या लिहितात, "जॉर्जियात बाटुमीला एका हंगामात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजतात. तुम्ही राजूरच्या अलीकडच्या धारेवर अख्खी सकाळ बसता आणि पाच-सात पक्षी लिहून उठता. त्याचा उपयोग काय? आणि मोजायचंच तर पक्षी येतात तेव्हा, ऑक्टोबरात मोजा. जाताना, चैत्राच्या उन्हात कशाला?"

पहिल्याचं उत्तर भूगोलात आहे. गरुड आणि मधुबाज यांच्यासारखे जड पक्षी पंख मारत लांब जात नाहीत. जमीन तापली की वर उठणाऱ्या हवेत घिरट्या घेत ते चढतात आणि पुढच्या चढत्या हवेपर्यंत तरंगत उतरत जातात. समुद्रावर अशी हवा क्वचितच मिळते, म्हणून ते पाणी टाळतात. बाटुमीला एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला कॉकेशसचे डोंगर आणि मध्ये चिंचोळी पट्टी. सगळ्यांना तिथूनच जावं लागतं. मेक्सिकोत व्हेराक्रूझला एकीकडे आखात, दुसरीकडे डोंगर, म्हणून तिथेही तशीच दाटी होते. आपल्याकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून थेट गोदावरीपर्यंत पठार मोकळं पडलं आहे. पक्ष्याला अडवणारं काही नाही. त्यात आपला मुख्य पाहुणा भोवत्या. तो हलका असतो, लांब पंख मारत जातो आणि चढत्या हवेसाठी अडून बसत नाही. तिकडे पक्ष्यांची नदी वाहते, इकडे भुरभुर पडते.

पण भुरभुरही मोजता येते. आपल्या महसूल मंडळातला पर्जन्यमापक आठवा. त्याचं तोंड वीतभर, आणि त्यावरून अख्ख्या मंडळाचा पाऊस ठरतो. कारण तो जागचा हलत नाही, त्याची नोंद ठरल्या वेळी होते आणि कोरड्या दिवशी तिथे शून्य लिहिलं जातं. धारेवर मी तेच करतो. तीच जागा, आठ ते बारा ही तीच वेळ, दर तासाला वारा आणि आभाळ, आणि पक्षी नसेल तर शून्य. ज्या वहीत शून्य नाही, त्या वहीतल्या पाच-सातला अर्थ नाही.

आता दुसरा प्रश्न. तो मला अधिक मोलाचा वाटतो.

भोवत्यांची घरटी मध्य आशियाच्या गवताळ माळांवर, कझाकस्तान-रशियाच्या बाजूला जमिनीवरच असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते आपल्याकडे येतात तेव्हा थव्यात यंदाची पिल्लं असतात. तेव्हाची मोजणी तिकडच्या घरट्यांची खबर देते. मार्च-एप्रिलात परत जाणारे मात्र हिवाळा तगून निघालेले असतात. तो हिवाळा त्यांनी आपल्या ज्वारीत, हरभऱ्यात, गायरानात काढलेला असतो. काहींनी आपल्याही दक्षिणेला, कर्नाटक-तमिळनाडूत. म्हणजे चैत्रातली मोजणी ही आपल्या रानाची खबर आहे. ऑक्टोबरात जमा कळते, चैत्रात शिल्लक.

अशा खबरीचं वजन किती असतं, ते अमेरिकेतल्या हॉक माउंटनने दाखवून दिलं. पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरावर लोक शिकारी पक्ष्यांना गंमत म्हणून गोळ्या घालत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी तो डोंगर ताब्यात घेऊन शिकार थांबवली आणि मॉरिस ब्राउन तिथे बसून पक्षी मोजू लागले. पुढे रेचेल कार्सन यांना १९६२च्या 'सायलेंट स्प्रिंग'साठी त्याच वह्या कामी आल्या. सुरुवातीच्या वर्षांत तिथून जाणाऱ्या टकल्या गरुडांत शंभरात चाळीस कोवळे असत, १९५५ ते १९५९ या काळात ते वीसच उरले. मोठे गरुड दिसत होते, म्हणून वरवर सगळं ठीक वाटत होतं. त्यांच्यामागून पिल्लं येत नव्हती, आणि संशयाचं बोट डीडीटीकडे गेलं.

दुसरी गोष्ट आपल्या आणखी जवळची. स्वेन्सनचा बाज उत्तर अमेरिकेत घरटं करतो आणि हिवाळ्यात अर्जेंटिनात जाऊन नाकतोडे खातो. १९९५-९६च्या हंगामात तिथल्या शेतांत हे बाज ढिगांनी मेलेले सापडले. एका हंगामात सुमारे २० हजार गेले असा अंदाज होता. नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं होतं. ज्या घरात कापूस पिकतो, तिथे हे नाव समजावून सांगावं लागत नाही. आपला भोवत्याही नाकतोडे खातो.

आणि त्याला नुसतं खाणं पुरत नाही, झोपायला गवतही लागतं. तो झाडावर झोपत नाही. संध्याकाळी ठरलेल्या माळावर जमून सगळे गुडघाभर गवतात जमिनीवर बसतात. गुजरातेतल्या वेळावदरला असा फार मोठा मुक्काम भरतो. आमच्या धारेखालीही एक छोटा मुक्काम होता. एका मार्चमध्ये मी सलग तीन सकाळी शून्य लिहिलं आणि वाऱ्याला दोष देत बसलो. शेळ्या घेऊन आलेले आजोबा माझ्या वहीत डोकावून म्हणाले, "परवा खालचं गवत पेटलं नव्हं का? आता ते निजतील कुठं?" मी खाली उतरून पाहिलं. माळ काळाठिक्कर पडला होता. त्या तीन शून्यांपुढे मी तारखेसह 'वणवा' असं लिहिलं. माझ्या वहीतली सगळ्यात कामाची नोंद तीच आहे.

म्हणून बाई, तुमच्या शाळेमागच्या टेकडीवरूनही मोजा. भोवत्यांसाठी तीन रकाने आखा : राखाडी नर, पोटावर रेघा असलेली तपकिरी मादी आणि बिनरेघांच्या तांबूस पोटाचं कोवळं पाखरू. नर आधी निघतात, कोवळे मागून. तेव्हा पाडव्याला वही मिटू नका, एप्रिल संपेपर्यंत बसा. तिसऱ्या रकान्यात जे भरेल, ती आपल्या हिवाळ्यातून जगून निघालेली गेल्या साली जन्मलेली पाखरं.

घार आणि भोवत्या पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर घारीची शेपटी पाहून ठेवा.