विश्लेषण : शिवरायांच्या आधीचा महाराष्ट्र ‘खेळायचा’ तर राजा कोणता निवडावा?

मांजरीहून सोलापूर रस्त्याने पुढे निघाले की लोणी काळभोर लागते आणि तिथून आत वळले की थेऊर. चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना थेऊर ठाऊक असते ते अष्टविनायकामुळे आणि थोरल्या माधवरावांमुळे. पण या गावाचे नाव त्याच्याही सुमारे हजार वर्षे आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरले गेले आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने इ.स. ७६८ मध्ये दिलेल्या दानाचा ताम्रपट तळेगावात सापडला. त्यात ‘पुणक विषय’, म्हणजे पुणे प्रांत, आहे. दान दिलेल्या गावाच्या चतु:सीमा सांगताना थिउर, आळंदिय, दाडिम ही गावे आणि मुइला नदी येते. म्हणजे आपली थेऊर, आळंदी, डाळिंब आणि मुळा. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावावर आहे, तोच हा कृष्ण.

हे आठवायचे कारण म्हणजे एक संगणकीय खेळ. ‘क्रूसेडर किंग्ज ३’ या खेळात मध्ययुगातला कोणताही राजा निवडून पिढ्यान्‌पिढ्या राज्य चालवता येते. मराठी मुले तो हौसेने सुरू करतात, नकाशावर महाराष्ट्र शोधतात आणि पहिल्या पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारतात : महाराज कुठे आहेत?

महाराज का नाहीत?

कारण साधे आहे. हा खेळ १४५३ साली, कॉन्स्टॅन्टिनोपल पडले त्या वर्षी संपतो. शिवरायांचा जन्म १६३० चा. त्यांचा काळ हवा असेल तर याच कंपनीची ‘युरोपा युनिव्हर्सलिस’ ही दुसरी मालिका आहे. ‘क्रूसेडर किंग्ज’मध्ये मिळतो तो त्याआधीचा महाराष्ट्र. शालेय पुस्तकात दोन-तीन पानांत आटोपलेला, सनावळ्यांपुरता उरलेला. राष्ट्रकूट, चालुक्य, शिलाहार, यादव ही नावे परीक्षेनंतर कोणी फारशी घेत नाही.

खेळ नेमका काय आहे?

स्वीडनच्या पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओने तो सप्टेंबर २०२० मध्ये बाजारात आणला. आधीच्या, दुसऱ्या भागात २०१४ साली ‘राजाज ऑफ इंडिया’ ही पुरवणी आली तेव्हा भारत पहिल्यांदा या नकाशावर आला. तिसऱ्या भागात तो सुरुवातीपासून आहे. तो संगणकावर आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या कन्सोलवर चालतो. मोबाइलवर नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

इतर युद्धखेळांत तुम्ही एक देश असता. इथे तुम्ही एक माणूस असता. त्याला वय असते, स्वभाव असतो, आजार होतात. स्वभावाविरुद्ध वागलात तर त्याच्यावर ताण वाढतो. तो मेला की खेळ संपत नाही, तुम्ही त्याचा वारस होता. खरी मेख इथेच आहे. बहुतेक राजांच्या वाट्याला सुरुवातीला जो वारसाहक्क येतो त्यात राज्य मुलांमध्ये वाटले जाते. आयुष्यभर लढून मिळवलेले प्रांत बापाच्या चितेबरोबर तीन ठिकाणी जातात आणि दुसऱ्याच वर्षी भाऊ भावावर चालून येतो. मांजरीतल्या कोणत्याही जुन्या घराला हे समजावून सांगावे लागणार नाही. उसाच्या रानाचे पट्टे, मग गुंठे, मग सातबाऱ्यावरची लांबलचक नावे. तोच हिशेब, फक्त इथे हत्तीघोडे जास्त.

म्हणूनच सर्वांत मोठे राज्य असलेला राजा हा सर्वांत मजेचा राजा नव्हे. ज्याच्या घरातच आग धुमसते आहे, तो खेळायला घ्यावा. महाराष्ट्राच्या इतिहासात असे राजे पैशाला पासरी आहेत. खेळाला सुरुवात करण्याच्या तारखा तीन : ८६७, १०६६ आणि २०२४ च्या ‘रोड्स टू पॉवर’ या पुरवणीत आलेली ११७८. तिन्ही वेळी आपल्याकडे कोण होते ते पाहू.

८६७ : बोट कापून देणारा सम्राट

या वर्षी दख्खनवर राष्ट्रकूट अमोघवर्ष आहे. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. ८१४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा कोवळा पोर होता. मांडलिकांनी लगेच बंड केले, गादी हातची जायची वेळ आली आणि गुजरातेतल्या, लाट शाखेतल्या कर्क या भाऊबंदाने ती सावरून दिली. पुढे त्याच शाखेशी अमोघवर्षाला वर्षानुवर्षे लढावे लागले. सावरणाराच उद्याचा वैरी, हा या खेळाचा आत्मा असेल तर अमोघवर्ष त्यात चपखल बसतो.

८५१ च्या सुमाराचा अरब प्रवासवृत्तान्त जगातल्या चार थोर राजांत ‘बल्हरा’ म्हणजे राष्ट्रकूट राजा मोजतो; बाकीचे तीन बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा बादशहा. त्याच्याच काळात कन्नडमधला ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ झाला. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत कोकणचा शिलाहार कपर्दी त्याचा मांडलिक म्हणून दिसतो.

संजाण ताम्रपटातली एक हकीकत तर विलक्षण आहे. प्रजेवर संकट आले तेव्हा राजाने डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले, असे त्यात लिहिले आहे. हाच राजा जैन आचार्य जिनसेनांना गुरू मानत होता. खेळात प्रत्येक पात्राला एकच धर्म द्यावा लागतो, एकच संस्कृती. अमोघवर्ष त्या रकान्यात मावत नाही. दोष खेळाचा म्हणावा की रकान्याचा, कोण जाणे. पण दोन देवघरे एका घरात नांदतात हे स्वीडनच्या संगणकाला पटवणे अवघड दिसते.

खेळाडूची अडचण वेगळी. ८६७ मध्ये हा राजा साठी ओलांडलेला आहे. फार वर्षे हातात नाहीत. मुलगा दुसरा कृष्ण याला काय सोसावे लागले ते इतिहासात आहेच : पूर्वेकडे वेंगीच्या गुणग विजयादित्याने राष्ट्रकूटांच्या मुलखात घुसून अचलपूर जाळल्याचे पूर्व चालुक्यांचे लेख अभिमानाने सांगतात. तेव्हा अमोघवर्ष घेतला तर मोहिमा काढण्यापेक्षा पहिली दहा वर्षे वारसाची घडी बसवण्यात घालवावीत.

१०६६ : तीन भाऊ आणि एक सिंहासन

युरोपात ही तारीख इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे त्या दिवशी कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य सोमेश्वर पहिला राज्य करत होता. तिन्ही तारखांत महाराष्ट्रासाठी हीच सर्वांत भरलेली.

सोमेश्वराची हयात चोळांशी लढण्यात गेली. १०५४ मध्ये कोप्पमच्या रणांगणावर चोळ राजा राजाधिराज हत्तीवरच मारला गेला. चालुक्यांनी लढाई जिंकली असे वाटत असतानाच त्याचा भाऊ दुसरा राजेंद्र पुढे आला, त्याने तिथेच राज्याभिषेक करून घेतला आणि बाजी उलटवली. खेळात अशी घटना घडली तर खेळाडू म्हणेल, काहीही दाखवतात!

खेळ सुरू होतो तेव्हा सोमेश्वराचे दोनच वर्षांचे आयुष्य उरलेले आहे. १०६८ मध्ये न उतरणाऱ्या तापाने ग्रासलेल्या या राजाने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. मागे मुले : थोरला सोमेश्वर, मधला विक्रमादित्य, धाकटा जयसिंह. विक्रमादित्याचा दरबारी कवी बिल्हण लिहितो की बापाला गादी विक्रमादित्यालाच द्यायची होती, पण थोरल्याचा मान म्हणून त्याने नाकारली. कवी त्याच्याच पदरी होता, तेव्हा हे किती खरे मानायचे ते ज्याने त्याने ठरवावे. घडले ते असे : १०७६ मध्ये विक्रमादित्याने थोरल्या भावाला हटवून सिंहासन घेतले, आपल्या नावाचा नवा शक सुरू केला आणि जवळपास पन्नास वर्षे राज्य केले. पुढे धाकट्या जयसिंहाने बंड केले, तेही मोडले.

हे त्याला जमले कशामुळे? तलवारीइतकेच सोयरिकींमुळे. ज्या चोळांशी बापाने जन्मभर वैर केले, त्या चोळ वीरराजेंद्राचा तो जावई झाला. कऱ्हाडच्या शिलाहारांची मुलगी चंद्रलेखा त्याची राणी. तिच्या स्वयंवराचे वर्णन बिल्हणाने रंगवून केले आहे. सिन्नरकडचा यादव सेऊणचंद्र त्याच्या बाजूने उभा राहिला. खेळातही लग्न हेच सर्वांत स्वस्त शस्त्र आहे. सैन्याला रोज पगार लागतो, व्याह्याला मान दिला की भागते.

चालुक्य फार मोठे वाटत असतील तर सेऊणचंद्र घ्यावा. मोठ्या घरातल्या भांडणात छोट्या मांडलिकाने कोणाची बाजू कधी घ्यायची, यातच त्याची सगळी कसोटी. आणि समुद्राची ओढ असेल तर उत्तर कोकणचा शिलाहार मुम्मुणी. अंबरनाथच्या शिवमंदिरातला १०६० च्या सुमाराचा लेख त्याच्या काळचा. ठाणे-सोपाऱ्याची बंदरे हाताशी, दक्षिणेला गोव्याचे कदंब आरमार बाळगून बसलेले. पैसा भरपूर, माणसे कमी. त्याच्या जागी बसले की शेजाऱ्याला खजिन्याचा वास लागू न देणे हेच पहिले काम होऊन बसते.

११७८ : जमीन नसलेला यादव

शंभर वर्षांनी चालुक्यांचे घर कोसळलेले आहे. मंगळवेढ्याहून वर आलेल्या कलचुरी बिज्जलाने कल्याणी बळकावली. महात्मा बसवेश्वर ज्याच्या पदरी होते, तोच हा बिज्जल. ११७८ मध्ये त्याचा मुलगा संकम गादीवर आहे आणि दख्खनमध्ये ज्याला त्याला राजा व्हायचे आहे. पन्हाळ्याकडे शिलाहार दुसरा भोज, द्वारसमुद्राला होयसळ वीरबल्लाळ, वरंगळला काकतीय रुद्रदेव.

आणि पाचवा भिल्लम. यादवांच्या घरातला, पण थेट वारसदार नव्हे. घरात गादीवरून भांडणे चाललेली. भिल्लमाने स्वतःची माणसे जमवून आधी दुसऱ्यांचे किल्ले घेतले. हेमाद्रीने लिहिलेल्या यादवांच्या प्रशस्तीत श्रीवर्धन आणि मंगळवेढा ही नावे येतात. मग तो घरी परतला आणि घरातल्या इतर हक्कदारांना बाजूला सारून प्रमुख झाला. राजलक्ष्मी त्यांना सोडून आपण होऊन भिल्लमाकडे गेली, असे हेमाद्री म्हणतो. राजाश्रयातल्या लेखकांकडे अशा कामासाठी फार गोड शब्द असतात.

‘रोड्स टू पॉवर’मध्ये जमीन नसलेला साहसी सरदार म्हणूनही खेळता येते : चार माणसांचा तळ, कोणाची तरी चाकरी, संधी मिळताच एखादा किल्ला. भिल्लमाच्या सुरुवातीच्या दिवसांचे याहून जवळचे रूप कोणत्याच खेळात सापडणार नाही. खऱ्या भिल्लमाने पुढे दहाएक वर्षांत स्वतंत्र राज्य उभारले, देवगिरी वसवली आणि कृष्णेपलीकडे वीरबल्लाळाशी टक्कर घेऊन हारही खाल्ली. त्याचा नातू सिंघण याने मात्र भोजाचा पाडाव करून पन्हाळा घेतला.

मग पहिल्यांदा कोणता?

नवख्याने १०६६ चा सोमेश्वर घ्यावा आणि तो जाण्याआधी विक्रमादित्याची सोय लावावी. राज्य मोठे असल्याने चुका पचतात. हात बसला की सेऊणचंद्र, आणि दोन-तीनदा हरण्याची तयारी असेल तर भिल्लम.

भिल्लम घेणाऱ्याने शेवटापर्यंत खेळत राहावे. खेळातल्या देवगिरीसमोरही तेराव्या शतकाचा शेवट येतोच. खरी देवगिरी तिथे पोहोचली तेव्हा गादीवर रामचंद्र होता, म्हणजे ज्ञानेश्वरीत ज्याचा उल्लेख येतो तो रामदेवराव. त्यानेही राज्य घेतले होते ते चुलतभाऊ आमण याच्याकडून; नाटकमंडळींच्या वेशात गडावर शिरून आमणाला कैद करून त्याचे डोळे काढल्याची कथा सांगतात. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा मुलगा शंकरदेव मुख्य सैन्य घेऊन दूर गेलेला होता. रामदेवरावाने दरवाजे लावून घेतले. घाईघाईने पोती गडावर चढवली गेली होती, वेढा पडला तरी चिंता नाही असा हिशेब होता. फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, नंतर ती पोती उघडली तर आत धान्य नव्हते, मीठ होते.