आपत्काल, परिचारिका आणि आज्ञेची भाषा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून निजलेली गावे दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडली गेली आणि सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. लातूरच्या शेजारी असलेल्या, ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या अंबाजोगाईस आपत्कालाची पूर्वतयारी हा विषय म्हणूनच केवळ पाठ्यपुस्तकातला राहत नाही. या तयारीत औषधे, पट्ट्या, स्ट्रेचर यांची गणना होते. भाषेची सहसा होत नाही. प्रस्तुत टिपणात तिचाच विचार करावयाचा आहे.

जखमी पुष्कळ आणि हात थोडे, अशा वेळी कोणावर आधी उपचार करावयाचे हे ठरवावे लागते. १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ ही पद्धती त्यासाठी वापरतात. ‘ज्यांना चालता येते त्यांनी इकडे या’ असे प्रथम पुकारतात. येतील त्यांना हिरवी चिठ्ठी. श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास सुरू होत नाही त्यास काळी. श्वास मिनिटाला ३० हून अधिक असेल, किंवा मनगटाची नाडी लागत नसेल, तर तांबडी. अखेरीस एखादी साधी आज्ञा करतात : ‘डोळे मिटा’, ‘माझा हात दाबा’. ती पाळता आली नाही तर तांबडी. आली तर पिवळी.

यातील पहिली व शेवटची पायरी भाषिक आहे, हे उघड आहे. मराठवाड्यात मराठीबरोबर दखनी, गोरमाटी आणि सीमेलगत कन्नडही बोलतात. तांड्यावरील एखाद्या वृद्धेस आज्ञेचे शब्दच कळले नाहीत, तर मेंदूस इजा झाली असा समज होऊन तिला तांबडी चिठ्ठी मिळेल, आणि खऱ्या अत्यवस्थ रुग्णाची पाळी मागे पडेल. भाषेचा दोष रुग्णाच्या शरीरावर लादला जाईल.

उपाय अवघड नाही. मात्र तो आधी करावयास हवा. आज्ञा दोन-तीन शब्दांचीच असावी. तीत ‘नेत्र’, ‘हस्त’ असे पुस्तकी शब्द नसावेत. प्रत्येक आज्ञेबरोबर ती कृती करून दाखवावी. भीतीने सुन्न झालेल्यास व बहिऱ्यासही ती कळते. परिचारिकेने आपल्या क्षेत्रातील गावांत व तांड्यांत कोणत्या बोली चालतात याची नोंद ठेवावी, आणि या चार-पाच आज्ञा आशा कार्यकर्तीकडून त्या त्या बोलीत म्हणवून घेऊन पाठ कराव्यात. भिंती कोसळल्यानंतर दुभाषी शोधण्यास अवधी नसतो.