पापणी लवेपर्यंत पंधरा वेळा

पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग धरू. 2009 ते 2013 दरम्यानच्या फॉर्म्युला वनच्या व्ही-8 इंजिनात तेवढ्या वेळात एकेक व्हॉल्व्ह पंधरा वेळा उघडून मिटायचा. मर्यादा होती 18,000 आरपीएम. म्हणजे क्रँकचे सेकंदाला 300 फेरे, कॅमचे निम्मे, 150. व्हॉल्व्ह 32, म्हणजे सेकंदाला 4,800 उघडझापी!

एका उघडझापीला मिळतात जेमतेम तीन मिलिसेकंद. तेवढ्यात 10 मिलिमीटर खाली जाऊन परत यायचं, तर प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींवर जातो. तळहातावर 40 ग्रॅमचा वाटणारा व्हॉल्व्ह परत वळवायला स्प्रिंगला जवळपास 90 किलोचा जोर लावावा लागतो. तेच 9,000 आरपीएमला? 45 नव्हे, 22 किलो. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो; सगळी गोम इथेच आहे.

स्प्रिंग कमी पडली की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडून तरंगतो, मिटायला उशीर करतो, आणि खालून पिस्टन तर वेळेवर येतोच. मधलं अंतर मोजक्या मिलिमीटरचं. व्हॉल्व्ह वाकतो, कधी मुंडकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं.

मग स्प्रिंगच कडक बसवावी? कॅम झिजतो. त्यापेक्षा वजन उतरवणं शहाणपणाचं. होंडाच्या 1966 च्या आरसी166 मोटरसायकलने 250 सीसीत सहा सिलिंडर आणि 24 चिमुकले व्हॉल्व्ह बसवून, साध्या स्प्रिंगांवर 18,000 गाठले. मला तरी ही करामत सगळ्यांत भारी वाटते. डुकाटीच्या फाबिओ तालिओनींनी 1956 मध्ये व्हॉल्व्ह मिटवायचं कामही कॅमकडेच दिलं. रेनॉने 1986 मध्ये धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबाखालचा वायू वापरला. वायूच्या स्प्रिंगला थरथरायला वेटोळीच नाहीत.

आपल्या गाडीत यातलं बहुधा काही नसतं, असतो रेव्ह लिमिटर. तो इंधन किंवा ठिणगी तोडतो, पण चाकांनीच इंजिन फिरवलं तर तो काय करणार? 8,000 वर चौथ्यातून पाचवा टाकताना चुकून तिसरा पडला, तर आरपीएम 10,800 च्या आसपास जातो आणि भार पावणेदोन पटींच्या वर. असं कधी झालंच, तर गाडी पुन्हा पळवण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या.