उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडताय? आधी हे वाचा: पिकअप, टेम्पो आणि जिप्सीवाल्यांसाठी खालच्या गिअरचं गणित



आपल्या चॅनलवर आपण नेहमी हिशोब, गिऱ्हाईक, कर्जाचे हप्ते यांवर बोलतो. आज विषय थोडा वेगळा वाटेल, पण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बऱ्याच भावांचा धंदाच मुळी गाडी आहे. कोणी धान राईस मिलला नेतो, कोणी मे महिन्यात तेंदूपत्त्याची फेरी मारतो, कोणाची ताडोब्यात जिप्सी आहे. त्यांचा एक प्रश्न मला वारंवार येतो: "सर, उतारावर न्यूट्रल मारली तर डिझेल वाचते ना?"

सरळ उत्तर देतो. नाही वाचत. उलट जीव, गाडी आणि भाडं तिन्ही पणाला लागतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. धंद्याच्या सुरुवातीला मी स्वतः धानाची गाडी चालवायचो. एका उतारावर न्यूट्रल केली आणि खालपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून आलो. आधी जळका वास आला. मग पेडल नरम पडलं, आणि शेवटच्या वळणाआधी ते पार खाली गेलं. शेजारी हमालीला घेतलेला पोरगा बसला होता. गाडी शेताच्या बांधावर चढवली म्हणून थांबली. दोघंही वाचलो, पण ऐन धानाच्या हंगामात आठ दिवस गाडी उभी. त्या आठ दिवसांत मिस्त्रीकडून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

ब्रेक का गेले?

समजा, गाडी आणि माल मिळून वजन २,५०० किलो आहे. ६० च्या वेगाने चाललेली ही गाडी पूर्ण थांबवताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तिच्या साधारण साडेतीन पट उष्णता फक्त ५० मीटर उंची उतरताना तयार होते, जर सगळा भार ब्रेकवरच टाकला तर. म्हणजे ६० वरून शून्य, पुन्हा ६० वरून शून्य, असं मध्ये गार होऊ न देता साडेतीन वेळा.

इतकं तापल्यावर दोन गोष्टी होतात. लाइनरची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल उकळू शकतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं. पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलं की तो आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही.

मग इंजिन काय करतं?

गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं इंजिनला फिरवायला लागतात. इंजिनला फिरायला जोर लागतो आणि तोच जोर गाडीला मागे धरतो. गिअर जितका खालचा, तितकी धर जास्त. यालाच इंजिन ब्रेक म्हणतात.

आणि डिझेलचं काय? आजच्या कॉमन रेल गाड्यांमध्ये अशा वेळी इंजेक्टर डिझेल बंद करतो, कारण इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे बचत गिअरमध्ये आहे, न्यूट्रलमध्ये नाही. काही जण तर चावीच बंद करतात. तसं केलं की दोन-चार वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं.

पहिला नियम: गिअर उतार लागण्याआधी

कुरखेड्याहून कोरचीला जाताना बेडगावचा घाट लागतो. तिथे वरती, वळण सुरू होण्याआधीच वेग कमी करा आणि गिअर टाका. कोणता? जो गिअर लावून तुम्ही तोच घाट भरल्या गाडीने चढला असता, तोच किंवा त्याच्याही खालचा.

गाडी वेगात सुटल्यावर खालचा गिअर शोधू नका. तेव्हा गिअर बसत नाही, आणि तुम्ही क्लच दाबून मधल्यामध्ये अडकता. त्या क्षणी गाडीला इंजिनची धर अजिबात नसते.

अजून एक. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही आहे. म्हणजे उतरणाऱ्याला कधीही थांबता आलं पाहिजे.

दुसरी पायरी: रेस जुळवून गिअर टाकणे

गिअर खाली टाकला की गाडी झटका का देते? उदाहरण घेऊ. ४० च्या वेगाला चौथ्यात इंजिन १,४०० आरपीएमवर आहे. तिसऱ्यात त्याच वेगाला २,१०० लागतात. हे मधले ७०० कोणीतरी भरून काढायचे. तुम्ही नाही काढले तर क्लच प्लेट घासून काढते. झटका बसतो तो याचाच.

म्हणून असं करा:

१. आधी ब्रेकने वेग कमी करा.
२. क्लच पूर्ण दाबा.
३. चौथ्यातून तिसऱ्यात टाका.
४. क्लच दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला हलकी रेस द्या. डिझेल इंजिन सावकाश चढतं, त्याला अर्धा सेकंद द्या.
५. क्लच सोडा.

शेजारच्या माणसाची मान पुढे गेली नाही, तर जमलं समजा.

तिसरी पायरी: डबल क्लच

जुने ट्रक ड्रायव्हर दोनदा क्लच दाबतात, ते पाहिलं असेल. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नसायचा. सिंक्रो म्हणजे गिअर बसण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणारी रिंग. १९२८ मध्ये कॅडिलॅक मोटारीत ती पहिल्यांदा आली. आज तुमच्या पिकअपमध्येही आहे, पण ती झिजते. दुसऱ्या गिअरला 'कर्रर्र' आवाज येत असेल, तर डबल क्लच कामाला येतो:

क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, खालचा गिअर टाका, क्लच सोडा.

यात गिअरबॉक्सच्या आतला शाफ्टही योग्य वेगाला येतो, म्हणून गिअर लोण्यासारखा बसतो. पण हा इलाज नव्हे. आवाज येतोय म्हणजे गाडी मिस्त्रीला दाखवायची वेळ झाली आहे.

हील-टो शिकू का?

रेसच्या व्हिडिओत एकाच पायाने ब्रेक आणि रेस दोन्ही देतात. मालाच्या गाडीत त्याची गरज नाही. पेडलं लांब-लांब असतात, पायात बहुतेकदा चप्पल असते, आणि पाय घसरला तर ब्रेकच सुटतो. वरच्या दोन पायऱ्या पुरेशा आहेत.

इथे सांभाळा

पावसाळ्यात, भामरागडकडे किंवा जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर, खालचा गिअर टाकून क्लच एकदम सोडू नका. पिकअपमध्ये इंजिनची धर फक्त मागच्या चाकांना मिळते. चिखलात ती चाकं अडली की शेपूट फिरते. रिकामी गाडी मागे हलकी असते, म्हणून ती जास्त फिरते. इथे रेस जुळवणं ही हौस नाही, गरज आहे.

चंद्रपूर-मूल रस्त्यावर रात्री अचानक चितळ किंवा रानडुक्कर समोर आलं, तर गिअरचा विचारच करू नका. आधी ब्रेक. गिअर नंतर.

८० च्या वेगाला थेट दुसरा टाकू नका. इंजिन त्याच्या मर्यादेबाहेर फिरेल आणि खर्च हजारांत राहणार नाही. एकेक गिअर उतरा.

जिप्सीवाल्या भावांनो, वळणापलीकडे वाघ असण्याची शक्यता असेल तर आधीच दुसरा-पहिला टाकून ठेवा. जनावरासमोर रेस देऊन गिअर बदलला की ते उठून जातं, आणि पर्यटकाची नाराजी तुमच्या वाट्याला येते.

आता धंद्याचा हिशोब

काही जण दुसऱ्या टोकाला जातात: प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक गतिरोधकाला गिअर पाडून गाडी थांबवतात. तेही चुकीचं. लाइनर बदलायला चाक खोललं की झालं. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी जास्त आणि दिवसही जास्त. म्हणून लक्षात ठेवा: वेग कमी करायला ब्रेक, उतारावर वेग धरून ठेवायला इंजिन.

आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. भाड्याच्या एका चांगल्या फेरीपेक्षा त्याचा खर्च कमीच असतो.

या आठवड्याचा गृहपाठ

सकाळी लवकर, मोकळ्या सरळ रस्त्यावर, रिकामी गाडी घ्या. मागे कोणी नाही हे पाहून ४० ला चौथा-तिसरा, मग ३० ला तिसरा-दुसरा, प्रत्येकी वीस वेळा करा. चार दिवसांत हाताला सवय लागते. मग अर्धा माल, मग पूर्ण. घाट सगळ्यात शेवटी.

गाडीवर ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही शेजारी बसवून हे शिकवा. "न्यूट्रल मारू नको" एवढं सांगून भागत नाही, डिझेल त्याने वाचत नाही हे त्याला पटलं पाहिजे. त्याच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असतं.

व्हिडिओत मी पायांवर कॅमेरा लावून प्रत्येक पायरी हळू दाखवली आहे, ती एकदा बघा. आणि तुमच्या रस्त्यावरचा अवघड उतार कोणता, ते कॉमेंटमध्ये नक्की लिहा.

भेटू पुढच्या भागात. गाडी गिअरमध्ये ठेवा!